शोकाच्या वहीत लिहिण्याची गोडी परत कशी लागते

जवळचं माणूस गेल्यावर बरेच जण वही उघडतात. वर्षानुवर्षं सहीपलीकडे हाताने काहीही न लिहिलेली माणसं त्यात असतात, आणि कधीकाळी भरपूर लिहिणारी, पण मधेच कुठेतरी थांबलेली माणसंही असतात. सुरुवातीचा हेतू साधा असतो. रात्री झोप येत नाही, कुणाशी बोलावं तर समोरचा अवघडतो, मग निदान कागदावर तरी उतरवू. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यातल्या काहींच्या बाबतीत वेगळंच घडतं. लिहायला बसण्याची ओढ लागते. एखादं वाक्य जमलं की बरं वाटतं. आणि लगेच मन टोचतं: माणूस गेलंय, आणि मला वाक्य जमल्याचा आनंद कसला होतोय?

हा आनंद खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो कुठून येतो हे नीट समजून घेतलं, तर शोकात लिहिण्याचा उपयोग किती आणि त्याची मर्यादा कुठे, हेही कळतं. माझं म्हणणं असं आहे की शोकात जे लिहिणं माणसाला आधार देतं आणि ज्या लिहिण्याची गोडी लागते, ती एकच गोष्ट असते. नेमकं काय वाटतंय, नेमकं काय घडलं, माणूस नेमका कसा होता, हे शोधत शोधत मांडणं. मन नुसतं रितं करणं त्याहून वेगळं, आणि त्याचा उपयोगही लोक समजतात तितका नाही.

लिहिणं सुटतं कशामुळे

लहानपणी आवडीने लिहिणारी मुलं मोठेपणी का लिहीत नाहीत, असं विचारलं तर "वेळ नाही" हे उत्तर ठरलेलं. वेळ नसतो हे खरंच आहे. पण वेळ मिळाला तरी हात कागदाकडे जात नाही, त्याचं कारण दुसरं आहे. लिहिताना शेजारी कुणीतरी येऊन बसलेलं असतं. शाळेत गुण देणारं, नोकरीत अहवाल तपासणारं, नंतर पोस्टखालचे लाइक मोजणारं. वाक्य कागदावर येण्याआधीच ते दुसऱ्याच्या नजरेने तपासून घ्यायची सवय लागते, आणि तपासताना अर्धी वाक्यं तिथेच मरतात.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं काय करतात ते पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांना देत होती. आवड होती तशीच राहायला हवी होती. तिला मोबदल्याशी बांधलं आणि ती उतरली.

लिहिण्याबद्दलचा प्रयोग तर याहून बोलका आहे. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली नियमित लिहिणाऱ्या लोकांना एक छोटी कविता लिहायला दिली. त्याआधी काही मिनिटं एका गटाला लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांचा विचार करायला लावला: नाव, पैसा, लोकांचं कौतुक. दुसऱ्या गटाला आतल्या कारणांचा: शब्दांशी खेळायला आवडतं, स्वतःला काही उमगतं. मग अनुभवी कवींनी कविता तपासल्या. बाहेरच्या कारणांचा विचार करून आलेल्यांच्या कविता कल्पकतेच्या निकषावर खाली आल्या. कुणी पैसे दिले नव्हते, स्पर्धा नव्हती. नुसता विचार केला, तेवढाच पुरला.

शोक या शेजारी बसलेल्या परीक्षकाला उठवून लावतो. तो मुद्दाम तसं करत नाही, पण त्या दिवसांत लोकांना काय वाटेल याची फिकीर करण्याइतकी ताकदच उरलेली नसते. वही कुणी वाचणार नसतं. तिचं कुठे काही करायचं नसतं. चुकलं तर चुकलं. कित्येक वर्षांनी माणूस कुणासाठीही नसलेलं लिहितो. अशा अवस्थेत कुणी आपणहून जात नाही, आणि लिहिणं परत मिळावं म्हणून ही किंमत कुणी मोजलीही नसती. पण दार उघडतं ते इथे.

आधी हात चालत नाही, ते का

सगळ्यांना लगेच लिहिता येत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. पहिल्या दिवसांत, कधी पहिल्या काही महिन्यांतही, एक परिच्छेद वाचून झाला की काय वाचलं ते आठवत नाही. बोलताना शब्द सापडत नाहीत. खोलीत कशाला आलो ते विसरतो. हा आळस नाही आणि वेड लागल्याचं लक्षणही नाही. शोकाचा मेंदूच्या अंगाने अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर याची एक समजायला सोपी मांडणी करतात. जवळच्या माणसाचा एक नकाशा आपल्या मेंदूत सतत तयार असतो. ते आत्ता कुठे असेल, कधी येईल, आपल्याशी किती जवळचं आहे. माणूस गेल्याची बातमी एका क्षणात कळते, पण वर्षानुवर्षं घडलेला हा नकाशा एका क्षणात बदलत नाही. म्हणून माहीत असूनही संध्याकाळी दाराकडे लक्ष जातं. चांगली बातमी कळली की फोन हातात घेऊन त्यांचा नंबर शोधला जातो. एकाच वेळी "ते गेले" आणि "ते आहेत" अशा दोन गोष्टी मेंदूला सांभाळाव्या लागतात, आणि त्यात सगळी शक्ती खर्ची पडते.

या काळात कुणी "लिही, बरं वाटेल" असं मागे लागलं तर नम्रपणे नाही म्हणावं. तारीख आणि एक ओळ एवढं पुष्कळ झालं. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांची आई २५ ऑक्टोबर १९७७ रोजी गेली. दुसऱ्या दिवसापासून ते लिहू लागले, पण कशावर? कागदाचे चार तुकडे करून त्या चिठोऱ्यांवर. एका चिठोऱ्यावर एक नोंद, कधी नुसतं एक वाक्य. आयुष्यभर भाषेवर काम केलेला माणूस, त्यालाही तेवढंच झेपत होतं. त्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर २००९ साली छापल्या गेल्या.

आणखी एका गैरसमजाने शोकात लिहिणारे अडतात. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि मग स्वीकार, असं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. वहीत मग माणूस शोधू लागतो की मी कुठल्या पायरीवर आहे, आणि स्वीकार आल्यावर पुन्हा राग आला तर आपण मागे घसरलो असं वाटतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ही मांडणी केली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाण्याबद्दल. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ती नंतर चिकटवली गेली. प्रत्यक्षात शोक पायऱ्या चढत जात नाही.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला जास्त पटतं. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेलं माणूस: आठवणी, रडू, जुने फोटो. दुसऱ्या बाजूला उरलेलं आयुष्य: बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, आजवर त्यांनीच केलेलं एखादं काम आता स्वतः शिकणं. सकाळी रडणं आणि दुपारी कशावर तरी हसणं हा दुटप्पीपणा नाही. ही ये-जा थांबली, माणूस एकाच बाजूला अडकून पडला, तर मात्र काळजीचं. वहीबद्दल विचार करताना हे फार कामाचं आहे, कारण एकाच पानावर दोन्ही बाजू मावतात. वर आठवण, खाली उद्याच्या कामांची यादी. ती वही अजिबात विस्कळीत नाही. ती शोक जसा असतो तशीच आहे.

लिहिल्याने नेमकं काय होतं

या विषयावरचं सगळ्यात प्रसिद्ध काम जेम्स पेनबेकर यांचं. १९८६ साली त्यांनी सँड्रा बील यांच्यासोबत ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं. काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगावर: कुणी फक्त काय घडलं ते, कुणी फक्त काय वाटलं ते, आणि कुणी दोन्ही. लिहून उठल्यावर त्रासाबद्दल लिहिणाऱ्यांना बरं वाटलं का? उलट. त्यांचं मन जड झालं होतं, रक्तदाबही वाढला होता. पण पुढच्या सहा महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. लिहून झाल्या झाल्या हलकं वाटेलच असं नाही. वही मिटल्यावर रडू येत राहिलं तर आपलं काही चुकलं असं समजू नये. आणि फक्त भावना ओतून किंवा फक्त हकीकत नोंदवून तो परिणाम दिसला नाही. काय घडलं आणि ते घडताना काय वाटलं, हे एकत्र आलं तेव्हा दिसला.

पुढे पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी लिहिलेले शब्दच मोजायला घेतले. कुणाला फायदा होतो? पहिल्या दिवसापासून सुसंगत लिहिणाऱ्यांना नाही. पहिल्या दिवशी विस्कळीत लिहून, पुढच्या दिवसांत ज्यांच्या लिखाणात "कारण", "म्हणून", "लक्षात आलं", "आता कळतंय" अशा शब्दांचं प्रमाण वाढत गेलं, त्यांना जास्त. नंतरच्या एका अभ्यासात असंही दिसलं की जे लिहिताना बाजू बदलत राहिले, कधी "मी" वर, कधी "तो", "ती", "आम्ही" वर गेले, त्यांची तब्येत पुढे बरी राहिली. एकाच जागी उभं राहून तीच गोष्ट सांगत बसणाऱ्यांपेक्षा, ती वेगवेगळ्या बाजूंनी बघणाऱ्यांना लिहिणं लाभलं.

मेंदूत काय होतं याचाही थोडा अंदाज आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना तीव्र भाव असलेले चेहरे दाखवून स्कॅन केले. भावनेला शब्दांत नाव द्यायला सांगितलं, तेव्हा धोक्याची जाणीव करून देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाची वाढली. वहीत आपण हेच करतो. "कसंतरी होतंय" हे पहिलं वाक्य असतं. मग आपणच विचारतो, कसंतरी म्हणजे काय? दुःख आहे का? नाही, चीड आहे. कुणावर? डॉक्टरांवर? नाही, तिच्यावरच, दुखतंय हे इतके महिने सांगितलं नाही म्हणून. इथवर पोचलं की काहीतरी सैल होतं.

हे सगळं वाचून लिहिणं म्हणजे शोकावरचं औषध असं कुणाला वाटेल, तर तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. भावनांना वाट करून देणाऱ्या लेखनावरचे १४६ अभ्यास जोआन फ्राटारोली यांनी २००६ साली एकत्र तपासले. परिणाम आहे, पण लहान. त्याआधी २००२ साली मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्यांकडे खास लक्ष दिलं, तेव्हा अशा लेखनाने शोकातून सावरणं सोपं होतं असा पुरावा त्यांना मिळाला नाही. बहुतेक माणसं काळ, माणसं आणि रोजची कामं यांच्या आधाराने सावरतातच. न लिहिणारा माणूस आत काही दाबून ठेवतोय, असं समजायचं कारण नाही.

काहींना तर लिहिण्याने त्रासही होतो. डेव्हिड स्बारा यांच्या गटाने २०१३ साली जोडीदारापासून वेगळं झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो मृत्यूचा शोक नव्हे, पण धडा इथेही लागू पडतो. "असं का झालं" यावर आधीच सतत घोळत असलेल्या लोकांना भावना खोलवर लिहायला लावलं, तर ते काही महिन्यांनी जास्त खालावलेले दिसले. त्यांच्यासारख्याच ज्यांना फक्त दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहायला सांगितलं होतं, ते मात्र बरे होते.

म्हणजे घाण्याच्या बैलासारखं विचार त्याच वाटेने गोल फिरत असतील, तर वही त्या फेऱ्यांची नोंद ठेवण्यापलीकडे काही करत नाही. आपली वही अशी झाली आहे का, हे ओळखायला मागची पानं चाळायची. तेच प्रश्न त्याच शब्दांत येत असतील ("मी तेव्हा लवकर नेलं असतं तर?"), उत्तराकडे एक पाऊलही पडत नसेल, तर काही दिवस तो प्रश्न वहीबाहेर ठेवायचा. आज उठलो कधी, गेलो कुठे, कोण भेटलं, जेवलो का, एवढंच लिहायचं. हेही लिहिणंच आहे.

एका वाक्याची गोष्ट

मग गोडी लागते ती कुठे? मला ती जिथे लागली, ते सांगतो.

माझे वडील, अण्णा, गेल्यावर मी वहीत जे लिहीत होतो ते बहुतेक सगळं "फार आठवण येते" या एका वाक्याची रूपं होती. खरं होतं, पण वाचलं तर कुणाचेही वडील वाटावेत असं. एका रात्री लिहिलं, "अण्णा घराची फार काळजी घेत." लिहून थांबलो. हे वाक्य तर शोकसभेत कुणीही बोलेल. काळजी घेत म्हणजे काय करत? ते खोडून लिहिलं, "रात्री दार लावलं की अण्णा ते एकदा ओढून बघत." हे जवळ होतं, पण बरोबर नव्हतं. एकदा नाही. ओढून बघत, दोन पावलं जात, परत येत आणि पुन्हा ओढून बघत. आम्ही मुलं अंथरुणात पडल्या पडल्या त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघायचो. तो झाला की झोप यायची. हे मला त्या रात्रीपर्यंत आठवतच नव्हतं.

पुढे लिहिलं, "दुसऱ्या वेळी कडीवर हात ठेवून ते क्षणभर थांबत आणि घरात सगळे आले का ते मनात मोजत." हे वाक्य मला फार आवडलं. छान उतरलं होतं. पण ते मोजत होते हे मला कुठे माहीत होतं? मी कधी विचारलं नव्हतं. ते थांबत, एवढंच मी पाहिलं होतं. मग "मोजत" हा भाग काढला. फक्त हात, कडी आणि थांबणं ठेवलं. वाक्य लहान झालं आणि त्यात अण्णा आले.

त्या रात्री दुःख कमी झालं असं म्हणणार नाही. पण किती तरी वेळ मी फक्त एका वाक्यात होतो, ते खरं व्हावं म्हणून धडपडत होतो, आणि ही धडपड मला हवीहवीशी वाटत होती. शाळकरी वयात लिहिताना वाटायचं तेच. फरक एवढाच की तेव्हा वाक्य सुंदर व्हावं असं वाटे, आता ते अण्णांशी प्रामाणिक असावं असं वाटत होतं.

शोक लिहिणाऱ्याला हे शिकवतो, कारण तिथे ढोबळ शब्द चालत नाहीत. "प्रेमळ", "कष्टाळू", "हसतमुख" हे शब्द त्या एका माणसाला पुसून टाकतात, आणि ते आपल्याला सहन होत नाही. म्हणून आपण खोडतो, आठवतो, पुन्हा लिहितो. लेखनकलेच्या वर्गात सांगून सांगून जे गळी उतरत नाही ते इथे आपोआप उतरतं. आणि शब्द मोजणाऱ्या संशोधकांना ज्या लिखाणात फायदा दिसला, तेही हेच: आधी विस्कळीत, मग हळूहळू जागा बदलून बघणारं, नेमकं होत जाणारं.

लिहिताना

पानं किती आणि वेळ कुठली, याचे नियम मी करणार नाही. हाताने लिहा किंवा फोनवर, तेही चालेल. वेळेला मात्र शेवट असावा असं मला ठाम वाटतं. पंधरा-वीस मिनिटांनी वही मिटायची आणि उठून हातापायाचं काहीतरी काम करायचं. आधी सांगितलेली ये-जा होते ती अशी. झोपायच्या अगदी आधी सगळ्यात जड आठवण काढू नये.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा प्रकार बऱ्याच जणांना विचित्र वाटतो. समुपदेशनात तो सर्रास वापरला जातो. फ्रॉइड यांनी १९१७ साली मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्यापासून मन हळूहळू काढून घेणं. तो विचार पुढे बरीच वर्षं टिकला. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या अभ्यासांतून वेगळं चित्र आलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निकोप असतं. म्हणून "आई, आज तुझी आठवण झाली ती अशी" असं लिहिण्यात वेडेपणा नाही. काही जण त्या पत्राला तिच्या वतीने उत्तरही लिहितात. ते उत्तर आपल्याच हातून आलेलं असतं हे माहीत असूनही त्यात कधी कधी अशी एखादी ओळ येते, जी ती खरंच म्हणाली असती.

राग, अपराधी वाटणं, सुटका झाल्यासारखं वाटणं, हे तोंडाने बोलता येत नाही. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. पण दीर्घ आजारात रात्रंदिवस सेवा केलेल्या माणसाला शेवटी "सुटलो" असं वाटतं, आणि त्याच क्षणी त्याची लाजही वाटते. ज्या वडिलांशी कधी पटलं नाही त्यांच्या जाण्याचं दुःख तर सगळ्यात अवघड, कारण त्यात गेलेल्या माणसासोबत कधीच न मिळालेल्या माणसाचाही शोक असतो. हे लिहायला वहीसारखी जागा नाही. अशा वेळी "मी" च्या जागी "तो" किंवा "ती" घालून लिहून बघा. "ती त्या रात्री दवाखान्यातून निघाली, कारण तिला एक रात्र झोपायचं होतं." तिच्याबद्दल आपल्याला जी माया वाटते ती स्वतःबद्दल वाटत नसते.

आणि ज्यांना कोरं पान बघून काहीच सुचत नाही, त्यांनी अर्थाच्या मागे लागू नये. एक वस्तू घ्यावी. त्यांचा चष्मा. काडी कुठल्या बाजूची सैल होती, काच कशाने पुसत, शोधताना कुणाला हाक मारत. वस्तू लिहिता लिहिता माणूस येतं. अर्थ शोधायला मदत होईल असे प्रश्न देऊनही पाहिलं गेलं आहे. वेंडी लिख्टेंथाल आणि डीन क्रूस यांच्या २०१० च्या अभ्यासात, या मृत्यूचा मी काय अर्थ लावतो किंवा यातून आयुष्यात काही चांगलं बदललं का, अशा दिशेने लिहिणाऱ्यांची शोकाची लक्षणं तीन महिन्यांनी कमी दिसली. पण "यातून काय चांगलं झालं" हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, तोही वेळ आल्यावर. दुसऱ्याने तो विचारणं क्रूरपणा आहे.

वही पुरत नाही तेव्हा

शोक किती दिवस, याला घड्याळ नाही. तरीही काही वेळा मदत घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या ११व्या आवृत्तीत, लांबलेला शोक हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ गेलेल्या माणसाची तीव्र ओढ, रोजचं जगणं ठप्प, आणि आसपासच्या समाजात जेवढं अपेक्षित धरलं जातं त्याच्या कितीतरी पलीकडे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत मोठ्यांसाठी हीच मर्यादा किमान १२ महिने आहे. यावर खास उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. मागची पानं वाचताना अनेक महिने काहीच हललं नाही असं दिसलं, तर ती वही घेऊन समुपदेशकाकडे जावं. काय बोलायचं हा प्रश्न तिथे सुटलेला असतो. आणि वहीत जगणं नको असल्याचं येऊ लागलं, तर लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा.

वहीत दुसरं काही येऊ लागलं की

काही काळाने वहीत पाऊस येतो, शेजारचं भांडण येतं, बसमध्ये ऐकलेलं एखादं वाक्य येतं. नोंदीत गेलेल्या माणसाचं नावही नसतं. अनेकांना हे दिसल्यावर अपराधी वाटतं, जणू विसरायला सुरुवात झाली. मला ते तसं वाटत नाही. नेमकं बघायची जी सवय त्या माणसासाठी लागली, ती आता इतरांनाही मिळू लागली आहे.

इथून पुढे दोन प्रकारचं लिहिणं वेगळं ठेवलेलं बरं. वही ही वहीच, ती कच्ची राहू द्यावी. त्यातून कुणाला दाखवण्यासारखं काही घडवायचं असेल तर ते काम वेगळं, त्याला अंतर लागतं, आणि ते कधी बरंच लांबतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली गेले. रमाबाईंनी त्यांच्यासोबतच्या आयुष्याच्या आठवणी पुस्तकरूपात आणल्या त्या १९१० साली.

आणि त्यात पुन्हा तो शेजारी बसणारा परीक्षक येतोच. त्याला यायचं तर वहीपर्यंत येऊ देऊ नये, नकलेपर्यंत यावं. निवडलेला मजकूर वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि काटछाट तिथे करायची. छापण्याआधी किंवा कुठे टाकण्याआधी घरातल्या इतरांना वाचायला द्यायचा, कारण गेलेलं माणूस त्यांचंही होतं, आणि त्याच्या आजारपणाचे, भांडणांचे, पैशाच्या अडचणींचे तपशील उघड करायचा हक्क एकट्या लिहिणाऱ्याचा नसतो. भावाला तोच प्रसंग वेगळा आठवत असेल, तर कुणाचं बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा त्याची आठवण त्याच्या शब्दांत विचारून तीही लिहून घ्यावी.